कोरा रकाना

अभिमन. हे माझ्या नवऱ्याचं नाव. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, त्यानंतर सहा वर्षं ना तोंडाने घेतलं ना हाताने लिहिलं. रेशन कार्डाचा अर्ज भरताना त्या जागेवर पेन अडलं, तेव्हा रांगेतल्या मागच्या माणसाला म्हटलं, भाऊ, एवढं नाव तुम्ही लिहा. मी धुळ्याला बी.एस्सी. झालेली. प्रोग्रामिंग पुस्तकावरून एकटीने शिकले. मशीनला माझं ऐकायला लावलं, पण नवऱ्याचं नाव लिहायची हिंमत झाली नाही. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलं होतं, सासूने सांगितलं होतं. विश्वास नव्हता तरी पाळलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मगन नानांचं ऑफिस जळगावला नवी पेठेत, एका कापडाच्या दुकानावर. नाना आधी पंपाच्या मोटारी विकायचे. एकोणनव्वद साली त्यांनी कॉम्प्युटर आणले आणि आम्हा चौघांना बसवलं. अभिमन, मी, निंबा आणि लोटन. दूध संघ, केळी संघ, कापसाचं जिनिंग, ज्याला जसा लागेल तसा प्रोग्राम आम्ही लिहून द्यायचो. प्रोग्राम फ्लॉपीवर, फ्लॉप्या लोखंडी कपाटात. ज्याला बदल करायचा त्याने फ्लॉपी न्यायची, काम करायचं, परत आणून ठेवायची. मग कुणी काय बदललं याचा पत्ता लागेना, म्हणून मी एक रजिस्टर सुरू केलं. तारीख, प्रोग्राम, काय बदललं, कशासाठी, कुणी. पाच रकाने. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं आणि मीच ठेवलं. बाकीचे येऊन मला सांगायचे, मी लिहायचे.

निंबाने बदल केला की शेवटच्या रकान्यात निंबा. लोटनने केला की लोटन. मी केला की भिकुबाई. अभिमनने केला की रकाना कोरा.

चार वर्षांत तीनशे बारा ओळी झाल्या. त्यातल्या एकसष्ट ओळींचा शेवटचा रकाना कोरा राहिला. निंबाला माहीत होतं, लोटनला माहीत होतं. एकदा लोटन हसून म्हणाला पण होता, "वहिनी, इथे नाव घालायला उखाणा लागेल वाटतं." मी पण हसले. तेव्हा मी हसायचे.

त्र्याण्णवचा एप्रिल. सावद्याच्या तापीथडी केळी संघाचा वॅगनचा प्रोग्राम मी लिहिलेला होता. संघाच्या प्रत्येक शेतकऱ्याला एक नंबर. नंबराच्या पाळीने त्याला चिठ्ठी जायची की अमक्या दिवशी घड कापा आणि स्टेशनवर आणा. चिठ्ठ्या प्रोग्राम छापायचा. स्टेशनवर वॅगन भरायची यादी मात्र संघाचा माणूस हाताने नंबरवारी करायचा. दोन वर्षं सुरळीत चाललं.

मग काही शेतकऱ्यांचे दोन-दोन मळे झाले. त्यांना एकाच नंबराला अ, ब अशी अक्षरं हवी होती. अभिमनने फ्लॉपी नेली आणि नंबराचा रकाना आकड्यांचा होता तो अक्षरांचा करून टाकला. दहा मिनिटांचं काम. मला म्हणाला, "लिही, अक्षर जोडता यावं म्हणून बदल." मी लिहिलं. त्याने चाचणी केली नाही. मी विचारलं, "अहो, पाळी बरोबर लागते का पाहिलं?" म्हणाला, "तू मला शिकवू नको."

मशीन अक्षरांची रांग आकड्यांसारखी लावत नाही. एकच्या मागे दोन येत नाही, दहा येतो. दहाच्या मागे शंभर, एकशे एक, एकशे दोन. दोन नंबरवाला पार शेवटी फेकला जातो. तसंच झालं. शंभराच्या पुढच्या लोकांना पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्या गेल्या. त्यांनी मळे कापले, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर स्टेशनवर आणले. तिथला माणूस हातातली यादी वाचत होता, दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर, आणि त्यांचे घड अजून झाडावर. वॅगन अर्ध्या रिकाम्या गेल्या. कापलेली केळी दोन दिवस सावद्याच्या उन्हात पडून राहिली. आधी पिवळी झाली, मग काळी. शेवटी गाईंनी पण तोंड फिरवलं.

संघाने आम्हा सगळ्यांना सावद्याला बोलावलं. तीसेक शेतकरी बसलेले. पुढे सुकदेव आबा, नंबर एकशे चार, त्यांचा सगळा मळा गेलेला. नानांनी रजिस्टर सोबत आणलं होतं. ओळ काढली, बोट ठेवलं. नाव नाही.

"नाव नाही तर रजिस्टर कोण ठेवतं?" नाना म्हणाले. "भिकूताई ठेवते. मग हे काम हिचंच."

मी अभिमनकडे पाहिलं. मी बोलले असते. पण मला वाटलं हा बोलेल. आता बोलेल, आता बोलेल. त्याने चष्मा काढला आणि रुमालाने पुसत बसला. एवढा वेळ कुणी चष्मा पुसत नाही. निंबा आणि लोटन खाली बघत होते.

सुकदेव आबा उठले. "बाईच्या हातात मशीन दिलं का असंच होते! घरी चूल फुंकू द्या इले."

लोक हसले. ज्यांची केळी गेली तेही हसले. त्या हसण्यात मला एक आवाज ओळखीचा वाटला, पण मी मान वळवून खात्री केली नाही. आजही खात्री नाही. करायची पण नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, "तुझ्या अंगावर गेलं तर काय झालं? घरातच राहिलं ना. माझ्यावर आलं असतं तर नोकरी गेली असती." मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्याने शेंगा घेतल्या, सोलून माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. त्याच्या बोलण्यापेक्षा मला याचाच राग जास्त येतो, की मी त्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून मला प्रोग्रामवरून काढलं. सभासदांची नावं-गावं टाइप करायला बसवलं. वॅगनच्या प्रोग्रामची पाळी नंतर निंबाने कशीबशी ठिगळ लावून ठीक केली. दिवाळीत अभिमन चीफ प्रोग्रामर झाला, आणि नाना धुळ्याला शाखा काढणार, तिचा प्रमुख तोच, असं ठरल्यासारखं झालं. त्यासाठी त्याने आपल्या कामांची यादी नानांना लिहून दिली. टाइप मीच केली. पावतीची छपाई, सभासद कार्ड, दुधाच्या फॅटचा तक्ता, अशी आठ कामं. होती त्याचीच, खोटं का बोलू. आठही रजिस्टरमध्ये होती. कोऱ्या रकान्यांच्या ओळींमध्ये.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नवी पद्धत आली. कारण अभिमनच. लोटनने आठवडाभर खपून दूध संघाचा प्रोग्राम बदलला. अभिमनकडे त्याच प्रोग्रामची जुनी फ्लॉपी होती. त्याने ती मशीनमध्ये घालून लोटनच्या नव्या प्रोग्रामवरच उतरवली. लोटनचं सगळं काम पुसलं गेलं. नाना चिडले. धुळ्याची शाखा झाली तर दोन गावांत दोन माणसं एकाच फाइलवर बसणार, मग काय करायचं? पुण्याहून एक माणूस बोलावला. त्याने एक मोठं मशीन बसवलं, त्याला चार स्क्रीन जोडले. फ्लॉप्या बंद. सगळे प्रोग्राम एका जागी. फाइल हवी तर मशीनकडे मागायची. तुम्ही घेतलीत की तिला तुमच्या नावाचं कुलूप. काम झालं की परत द्यायची, तेव्हा मशीन विचारणार, काय बदललं आणि का. आणि कुणी, ते मशीन स्वतःच लिहून ठेवणार, तारखेसकट. जुनं काहीही पुसायचं नाही.

"जुना इतिहास पण भरावा लागेल," पुण्याचा माणूस म्हणाला. "जुन्या फ्लॉप्या क्रमाने आत घालायच्या, प्रत्येकीसोबत नोंद."

"टायपिंगचं काम आहे," नाना म्हणाले. "भिकूताईला द्या."

मी पुण्याच्या माणसाला तीन गोष्टी विचारल्या. जुन्या नोंदीला जुनी तारीख आणि दुसऱ्याचं नाव देता येतं का? म्हणाला, येतं, इतिहास भरताना द्यावंच लागतं. नाव कोरं सोडता येतं का? म्हणाला, नाही मॅडम, कोरं असं काही नसतंच. नाव दिलं नाही तर जो कीबोर्डवर बसलाय त्याचं नाव लागतं.

म्हणजे एकसष्टच्या एकसष्ट माझ्या. कायमच्या. आधी एक ओळ माझ्यावर घातली होती, आता सगळ्या.

तिसरी गोष्ट, नंतर काढून टाकता येतं का? "ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड असेल त्याला येतं," तो म्हणाला. "तो सध्या तुमच्याकडेच ठेवा, भरणं होईपर्यंत."

तरीही मी काही ठरवलं नव्हतं. हे नीट लिहिते, कारण लोक म्हणतात मी पहिल्यापासून डाव धरून होते. त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि तो दारात उभा राहून चहा पीत होता. म्हणाला, "ते कोरे रकाने आहेत ना, त्यात तुझंच नाव टाक. तसंही ते तुझ्यावरच आहेत."

"आणि पावतीची छपाई? फॅटचा तक्ता?"

"ते आठ काढून ठेव, मी टाकेन माझ्या हाताने. बाकीचे तुझे."

बशीतला उरलेला चहा त्याने भुरका मारून संपवला आणि बशी माझ्या पुढ्यात ठेवून गेला. त्याला भीती नव्हती. त्याचं नाव मी लिहूच शकत नाही, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. माझ्या मर्यादेवर टेकून तो चहा पीत होता.

तव्यावरची भाकरी जळाली. तेव्हा ठरलं.

मला आठ दिवस लागले. पहिली कोरी ओळ आली तेव्हा बोटं थांबली. वाटलं आता काहीतरी होईल. ए दाबलं. बी दाबलं. काही झालं नाही. पाच-सहा ओळींनंतर बोटं सहज चालायला लागली. अभिमन, अभिमन, अभिमन. एकेका नावाने आयुष्य कमी होत असेल तर होऊ दे, अशा मनाने मी टाइप केलं. हे पाप असेल तर माझ्या नावावर असू दे, मी रकाना कोरा सोडत नाही. एक गोष्ट मात्र पाळली. रजिस्टरमध्ये जे होतं तेच घातलं. तारखेत बदल नाही, शब्दात बदल नाही. त्याची चांगली कामं पण त्याच्याच नावावर घातली, आठही. मुद्दाम.

मग मी नानांना म्हटलं, "नाना, केळी संघाचा अजून आपल्यावर विश्वास बसत नाही. नवी पद्धत दाखवायला त्यांनाच बोलवा ना. सुकदेव आबांना." नाना खूश झाले. म्हणाले, "बघ, तुला डोकं आहे."

त्या दिवशी आबा आणि संघाचे दोघे आले. पुण्याचा माणूस स्क्रीनसमोर बसला. आम्ही सगळे मागे उभे. आबा म्हणाले, "आमच्या वॅगनचंच दाखवा." त्याने एक आज्ञा दिली आणि इतिहास उतरू लागला. तो मोठ्याने वाचत होता. भिकुबाई, प्रोग्राम नवीन लिहिला. भिकुबाई, चिठ्ठीत गावाचं नाव. निंबा, छपाईचा समास.

"नऊ एप्रिल त्र्याण्णव. अभिमन. नंबराला अक्षर जोडता यावं म्हणून बदल."

आबांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"खोटं आहे हे," अभिमन म्हणाला. मग पुण्याच्या माणसाला, "साहेब, जुनं भरताना कुणाचंही नाव घालता येतं की नाही?"

"येतं," तो म्हणाला.

"ऐकलं नाना? हिने मनाने घातलंय. घरचा राग इथे काढतेय."

मी रजिस्टर पुढे ठेवलं. "नाना, यात यांचं नाव शोधून दाखवा. चार वर्षांत कुठेही."

नानांनी पानं उलटली. निंबाने पण डोकं घातलं. पान संपलं, दुसरं संपलं. "एकदाही नाही," नाना म्हणाले. "असं कसं?"

"मग दोनच गोष्टी. एक तर तुमच्या चीफ प्रोग्रामरने चार वर्षांत एक ओळ बदलली नाही. नाहीतर हे कोरे रकाने त्यांचे."

पुण्याच्या माणसाला काही कळेना. "पण कोरे का ठेवले मॅडम?"

सांगायची लाज वाटली, खरं सांगते. तेवढ्यात सुकदेव आबा पुढे झाले. त्यांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, अभिमनकडे पाहिलं.

"ही तुह्यी बायको व्हय रे?"

अभिमनने जेमतेम मान हलवली.

"अहो साहेब, बाई नवऱ्याचं नाव लेते का कुठं?" आबा पुण्याच्या माणसाला म्हणाले. "माह्या बायकोनं चाळीस वर्सांत नाही घेतलं. दवाखान्यात नाव इचारलं त मले बाहेरून बोलावते! हे कोरं म्हनजे नवराच. याच्यात काय समजायचं राह्यलं?"

नाना एकेक कोरी ओळ वाचू लागले. "पावतीची छपाई. ही अभिमनची, त्याने यादीत लिहिलीय. फॅटचा तक्ता, अभिमनचा." त्यांनी पान उलटलं. "आणि नऊ एप्रिल? ही तेवढी नाही का रे तुझी? त्याच रकान्यातली आहे."

"नाना, ते... एवढं जुनं कुठे आठवतं..." त्याचा हात चष्म्याकडे गेला.

"चष्मा राहू द्या," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

आबा त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. उंचीने त्याच्या खांद्याला लागत होते. "मी या बाईले तीस मानसांत चूल फुंकायले लावलं. तू तिथंच बसेल होता. माह्ये घड सडले ते सडले, पर तू त..." पुढचं ते जे बोलले ते मी लिहू शकते, पण आबांचं वय बघून सोडते. मी त्यांना थांबवलं नाही. लोटन पाणी घेऊन आला, त्यालाही मी हातानेच थांब म्हटलं. बोलू दे म्हटलं पुरतं.

बोलून झाल्यावर आबा माझ्याकडे वळले. "पोरी, माफी कर."

"नाही करत, आबा," मी म्हटलं. "तीस जणांत बोलला होतात. आज इथे आपण नऊच आहोत."

त्यांनी मान हलवली. "मंग हे कागदावर काढून दे मले. संघाच्या भिताडावर लावतो."

नाना मध्ये पडले, म्हणाले ऑफिसचा कागद बाहेर जायचा नाही. मी तोपर्यंत प्रिंटर चालू केला होता. फक्त वॅगनच्या प्रोग्रामचा इतिहास, दीड पान. प्रिंटर करकरत होता आणि अभिमन त्याच्याकडे असा बघत होता की जणू त्याच्यातून साप निघतोय. आबांनी कागदाची घडी करून कोपरीच्या खिशात घातली.

लोक गेल्यावर नानांनी मला आत बोलावलं. "भिकूताई, झालं ते झालं. तुला प्रोग्राम परत देतो. पण ती नोंद काढून टाक. धुळ्याचे लोक उद्या बघतील. घरचं माणूस आहे तुझं."

"काढते. पण मशीन कारण विचारतं, नाना. मगन नानांनी सांगितलं म्हणून काढली, असं लिहू?"

नानांनी रजिस्टर मिटून बाजूला सारलं. मग म्हणाले, "राहू दे."

घरी सासूबाईंच्या कानावर माझ्या आधी गेलं होतं. झुंबरबाई दारातच उभ्या. "तू त्यान्हं नाव लिधं? मन्हा पोरनं? तुन्ही मायनी हाई शिकाडं का तुले?"

"मायनी नही शिकाडं," मी त्यांच्याच अहिराणीत म्हटलं. "तुमना पोरनी शिकाडं."

त्या दिवशी मी जेवले. पोटभर जेवले. अभिमन जेवला नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

धुळ्याची शाखा निंबाला द्यायचं ठरलं. निंबाला मी एवढंच म्हटलं की सावद्याला तू खाली बघत होतास, ते मला आठवतं. त्याने पेढे आणले होते. मी घेतले नाहीत.

आठवड्याने संघाचं पत्र आलं. नंबराचा रकाना परत आकड्यांचा करा, अक्षर वेगळ्या रकान्यात घ्या, निंबाचं ठिगळ काढा. नानांनी अभिमनला सांगितलं, तू काय काय बदललं होतंस ते भिकूताईला बसून सांग, प्रोग्राम ती बदलेल. फाइलला माझ्या नावाचं कुलूप होतं. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला, थोडा लांबच. तासभर त्याने सांगितलं, मी बदललं. चाचणीला एकशे ऐंशी नंबर घातले. एकच्या मागे दोन, दोनच्या मागे तीन. रांग लागली.

फाइल परत द्यायची वेळ आली. मशीनने विचारलं, का बदललं?

"काय लिहू?" मी म्हटलं.

"लिही ना, पाळी दुरुस्त केली."

"ते काय झालं. का करावी लागली?"

"चूक होती म्हणून."

"कुणाची?"

निंबाचं टायपिंग थांबलं. लोटनने मान वर केली नाही, पण तो ऐकत होता. अभिमन खालच्या आवाजात म्हणाला, "तुला माहीत आहे. लिहून टाक."

"मी मनाने घालते, असं तुम्हीच म्हणालात सगळ्यांसमोर. आता मनाने नाही घालणार. तुम्ही सांगा, मी लिहिते."

स्क्रीनवर ती हिरवी रेघ उघडमीट करत होती. मला घाई नव्हती. नऊ महिने थांबले होते, अजून तासभर थांबले असते. खाली कापडाच्या दुकानात कुणीतरी गज मोजत होतं, त्याचा टकटक आवाज वर येत होता.

"माझी," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"माझी चूक होती."

मी ते तसंच्या तसं टाइप केलं आणि एंटर दाबलं.